‘मी’चा जबाब : मराठी विज्ञान-थरारकथा आणि अबोध मन

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात, ते डेक्कन क्वीनहूनही वेगवान अशा जिजामाता एक्सप्रेसने. या कथेचं इंग्रजी रूप ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात होतं. त्यामुळे मूळ मराठी कथा न वाचलेल्या मुलांनाही ही गाडी ठाऊक आहे. गाडी कल्याण मागे टाकते, लांब बोगद्यातून बाहेर पडते आणि ‘सरहद’ नावाच्या लहानशा स्थानकावर थांबते. गणवेशातला अँग्लो-इंडियन अधिकारी परवाने तपासत फिरतो. इथून पुढे ब्रिटिशांचं राज्य. बोगदा पारसिकचा मानला, आणि दुसरा कुठला मानणार, तर हे स्थानक कळवा-ठाण्याच्या आसपास पडतं आणि परमुलूख मुलुंडच्या वेशीवर सुरू होतो. त्यापुढच्या रुळांवर लोकलचे निळे डबे धावतायत आणि प्रत्येक डब्यावर इवलासा युनियन जॅक रंगवलेला आहे.

रोज त्याच मार्गाने जाणाऱ्या वाचकाला इथे जो झटका बसतो तो उडत्या तबकडीने बसत नाही. ओळखीच्या ठिकाणी अनोळखी खूण दिसावी, हे भयाचं फार जुनं तंत्र आहे. फ्रॉइडने त्यावर 1919 साली एक स्वतंत्र निबंधच लिहिला होता. नारळीकरांनी फ्रॉइडचं नाव घेतलेलं नाही, पण कथेची कळ त्यांनी नेमकी मनातच ठेवली आहे. गंगाधरपंतांना ट्रकची धडक बसते, त्या क्षणी ते पानिपतचा निकाल वेगळा लागला असता तर काय झालं असतं, याचाच विचार करत असतात. म्हणून ते मराठे जिंकलेल्या जगात जाऊन पोचतात. दोन दिवसांनी ते आझाद मैदानात सापडतात. मग त्यांचे शास्त्रज्ञ मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना आपत्ती सिद्धांत आणि पुंजभौतिकी समजावून सांगतात. या संक्रमणाला चाप ओढणारी गोष्ट होती पंतांचा मेंदू, असा त्यांचा निष्कर्ष.

इतकं होऊनही कथा मनाच्या दारातून आत शिरत नाही. हे सगळं स्वप्न होतं का, भ्रम होता का, हा प्रश्न उभा राहतो आणि पंतांच्या खिशातून बखरीचं एक फाटकं पान निघतं. विश्वासरावांना गोळी चाटून गेली असं त्या पानावर छापलेलं आहे. पुरावा मिळाला, भ्रमाची शक्यता संपली. आयुष्यात 999 सभांचं अध्यक्षपद भूषवलेला माणूस परक्या जगातही मोकळी खुर्ची दिसताच व्यासपीठावर चढतो आणि श्रोत्यांकडून टोमॅटो-अंडी खातो, हा केवढा मोठा मानसिक धागा होता! ती रिकामी खुर्ची पंतांच्या स्वतःच्या मनातून आली असेल तर? नारळीकर तिथे थांबत नाहीत. त्यांना पान महत्त्वाचं वाटतं.

ते फाटकं पान मला मराठी विज्ञानकथेचं प्रातिनिधिक चिन्ह वाटतं. आपल्या विज्ञान-थरारकथेत धोका जवळजवळ नेहमी बाहेरून येतो: धूमकेतू, विषाणू, परग्रहावरचा संदेश, बिघडलेला यंत्रमानव. सांगणारा मात्र शुद्धीवर असतो. त्याने पाहिलं ते खरं, त्याला आठवतं ते घडलेलं आणि त्याला कळलं नाही ते शेवटच्या चार पानांत कुणीतरी डॉक्टर समजावून सांगणार, असा हा करार आहे. तो कसा घडला हे पाहिल्याशिवाय लेखकांना दोष देणं अन्यायाचं होईल.

मराठी विज्ञान परिषद 1966 साली मुंबईत स्थापन झाली. तिच्या नावातच मराठी आणि विज्ञान या दोघांची काळजी आहे. परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या. 1974 च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा अपरिचिताची ‘कृष्णविवर’ पहिली आली. जगताप म्हणजे नारळीकरच. आपल्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली होती पत्नी मंगलाताईंनी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला नामवंत खगोलशास्त्रज्ञ दुसराच ‘मी’ पांघरून स्पर्धेत उतरतो, हा प्रसंग त्यांच्या कित्येक कथांपेक्षा जास्त खोडकर आहे. कथांमधल्या निवेदकांना मात्र त्यांनी असा खोडकरपणा क्वचितच करू दिला.

त्यामागे भूमिका होती. विज्ञानकथेतून विज्ञान आणि वैज्ञानिक दृष्टी वाचकापर्यंत पोचली पाहिजे, निव्वळ चमत्कार नको, हा आग्रह नारळीकरांनी अखेरपर्यंत धरला. 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद एका विज्ञानकथालेखकाला मिळालं, ते या आग्रहाचंही श्रेय होतं. 2025 च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा विज्ञानकथा मराठीत मानाने उभी होती. पण प्रबोधनाची जबाबदारी घेतलेल्या कथेला लबाड निवेदक परवडत नाही. सांगणाराच खोटं बोलतोय किंवा त्याला स्वतःलाच आपला हेतू ठाऊक नाही, असं म्हटलं की त्याने सांगितलेल्या विज्ञानावर तरी कुणी भरवसा का ठेवावा? शिवाय त्या काळात विज्ञानकथेला एकीकडे भुताटकीपासून आणि दुसरीकडे बुवाबाजीपासून स्वतःला वेगळं काढायचं होतं. मनाच्या अंधारात उतरलं की नेमकी हीच दोन मंडळी भेटायची भीती. म्हणून दिवा हातात घेऊन, स्वच्छ आवाजात बोलणारा निवेदक पसंत केला गेला.

दुसरा धागा वाचनालयांचा. गिरगाव-दादरची मराठी वस्ती जशी उपनगरांत सरकली, तशी पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ अशा संस्थांची ग्रंथालयं आणि गल्लोगल्लीच्या खासगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या तिच्या सोबतीला आल्या. तिथे बाबूराव अर्नाळकरांचे काळापहाड आणि झुंजार, गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथा, नारायण धारपांच्या भयकथा आणि अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या ‘नवल’चे दिवाळी अंक एकाच फळीवर असत. रहस्यकथेने वाचकाला गती दिली आणि त्याबरोबर एक सवयही लावली: पात्र म्हणजे त्याची एक खूण. टोपी, मिशी, पिस्तूल, एखादं पालुपद. पात्राला भूतकाळ असायचा तो सूड घेण्यापुरता. विज्ञान-थरारकथेने ही सवय जशीच्या तशी उचलली. फक्त पिस्तुलाच्या जागी उपकरण आलं.

भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवभौतिकीचं काम केलेल्या बाळ फोंडके यांनी या दोन परंपरांचा सांधा सर्वांत सफाईने जोडला. ‘खिडकीलाही डोळे असतात’, ‘भिंतींना जिभाही असतात’ या त्यांच्या पुस्तकांच्या नावांतच वेगळी नजर आहे: वस्तू बोलतात. गुन्ह्याचा उलगडा माणसाच्या कबुलीतून होत नाही, ठशातून होतो. न्यायवैद्यकाच्या अंगाने हे अगदी बरोबर. थरारकथेच्या अंगाने मात्र त्याची किंमत अशी, की माणूस हा पुराव्याचा वाहक होऊन बसतो. त्याने खून का केला हे कळतं, पण ते त्याला स्वतःला कळलं होतं का, हा प्रश्न येत नाही. फोंडक्यांचं संवादलेखन मात्र समकालीनांपेक्षा कितीतरी जिवंत आहे. त्यांची माणसं निदान एकमेकांची खेचतात.

नारळीकरांची ‘वामन परत न आला’ (1986) ही कादंबरी इथे थोडी वेगळी ठरते. उत्खननात सापडलेल्या पेटीतल्या सूचनांवरून ‘गुरू’ नावाचा संगणक आणि त्यापुढे ‘वामन’ हा यंत्रमानव तयार होतो. वामनाला स्वतःच्या प्रती काढायच्या आहेत. आज कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल जी चर्चा चालते तिचा बराचसा आराखडा त्यात आहे. वामनाच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कधी आतून कळत नाही आणि या एका ठिकाणी बाहेरून पाहण्याची पद्धत कामी येते. यंत्राचं मन बंद राहिलं की भीती वाढते. माणसाचं मन बंद राहिलं की पात्र चपटं होतं. दोन्हींसाठी एकच निवेदन वापरलं, हा घोटाळा. अरुण साधूंनी ‘विप्लवा’ लिहिली तेव्हा ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’मध्ये माणसाच्या पोटातलं ओठावर आणणारा हाच लेखक विज्ञानकथेत शिरताच कल्पनेच्या मागे धावू लागला. प्रकारच लेखकाला कुठे वळवतो, याचा हा चांगला नमुना.

मग मराठीत अबोध मनाचं काम कुणी केलं? शेजारच्या खोल्यांत ते जोरात चालू होतं. बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ 1942 मध्येच लिहिली. मनात जे ज्या क्रमाने येतं त्याच क्रमाने ते कागदावर उतरवायचा तो मराठीतला पहिला मोठा प्रयत्न. विलास सारंगांच्या एका कथेत जहाज फुटून एका बेटावर अडकलेल्या माणसाची मुलाखत आहे. त्या बेटावरच्या स्त्रियांना अर्धंच शरीर असतं, कुणाला वरचं, कुणाला खालचं. मुलाखतीचा कोरडा, माहिती विचारणारा सूर आणि आत खदखदणारी वासना यांतून जे तयार होतं, ते विज्ञानकथेच्या कुठल्याही संग्रहात शोभलं असतं. पण सारंगांना त्या रांगेत कुणी बसवलं नाही. महेश एलकुंचवारांच्या ‘प्रतिबिंब’ नाटकात मुंबईत पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या तरुणाला एका सकाळी आरशात आपलं प्रतिबिंबच दिसत नाही. कारण दिलेलं नाही, आणि कारणाची वाट पाहणारा प्रेक्षक हळूहळू स्वतःच अस्वस्थ होतो.

धारप आणि रत्नाकर मतकरी यांचा मार्ग तिसरा. धारपांच्या समर्थकथांत अप्पा जोशी निवेदक आहेत. समर्थांचं सामर्थ्य आपल्याला दिसतं ते अप्पांच्या चकित, थोड्या बुचकळ्यात पडलेल्या नजरेतून. शेरलॉक होम्सला वॉटसन लागतो तो याच कारणाने. धारपांनी विज्ञानकथाही लिहिल्या, पण त्यांची खरी ताकद अशुभ घराच्या वर्णनात होती. मतकरी जास्त मध्यमवर्गीय, जास्त शहरी. ब्लॉकमध्ये राहणारं, कर्जाचे हप्ते भरणारं कुटुंब घ्यायचं, त्यातल्या एकाच्या मनात दडपलेली अपराधाची भावना घ्यायची, आणि घडतंय ते भूत की ती भावना, याचा निकाल शेवटपर्यंत लावायचा नाही. ही अनिश्चितता म्हणजे गूढकथेचा प्राण. विज्ञानकथेने ती बेशिस्त मानून बाहेर ठेवली. माझ्या मते मराठी विज्ञान-थरारकथेचं सर्वांत मोठं नुकसान या एका निर्णयात आहे.

बाहेरच्या भाषांत ही फारकत इतकी कडक नव्हती. आल्फ्रेड बेस्टरच्या ‘द डिमॉलिश्ड मॅन’ला 1953 मध्ये पहिला ह्युगो पुरस्कार मिळाला. मनं वाचणारे पोलीस असलेल्या जगात खून कसा करायचा, ही तिची गोष्ट. उद्योगपती बेन राइक प्रतिस्पर्ध्याला हातमिळवणीचा सांकेतिक प्रस्ताव पाठवतो. उत्तर येतं होकाराचं, तो वाचतो नकार आणि खून करतो. त्याचं वाचणं का चुकलं, तेच त्या कादंबरीचं रहस्य आहे. मारायचं आधीच ठरलेलं होतं, फक्त ते राइकला ठाऊक नव्हतं. मन वाचणाऱ्या पोलिसांनाही मारेकऱ्याचा हेतू सापडत नाही, कारण तो त्या मनाच्या वरच्या मजल्यावर राहतच नाही. विज्ञानाची कल्पना, थरार आणि नेणीव असे तिन्ही धागे एकाच गाठीत बसल्याचं याहून नेटकं उदाहरण शोधणं कठीण.

फिलिप के. डिकच्या ‘अ स्कॅनर डार्कली’त (1977) गुप्त पोलिसाला संशयितावर पाळत ठेवायचं काम मिळतं, आणि तो संशयित तोच असतो. अमली पदार्थाने त्याचा मेंदू दुभंगल्यामुळे हे त्याच्या लक्षातून निसटत जातं. डॅनियल कीजच्या ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’मध्ये मंदबुद्धी चार्लीची बुद्धी शस्त्रक्रियेने वाढते आणि पुढे ओसरते. त्याच्या अहवालांतली शुद्धलेखनाची पातळी जशी बदलते, तसं आपल्याला त्याच्या आधी कळतं की काय होणार आहे. इथे निवेदन हेच कथानक आहे. स्टानिस्वाफ लेमच्या ‘सोलारिस’मध्ये (1961) परग्रहावरचा महासागर अंतराळवीरांच्या मनातली सर्वांत दुखरी आठवण जिवंत करून त्यांच्या खोलीत पाठवतो. त्या महासागराला काय हवंय हे कुणालाच कळत नाही, लेमलाही ते सांगायचं नाही. आपल्याकडचा एखादा प्राध्यापक तिथे असता तर त्याने शेवटच्या प्रकरणात फळ्यावर आकृती काढून दाखवली असती.

गंमत अशी, की खुद्द विज्ञान आता त्या शुद्ध, स्वच्छ निवेदकाच्या बाजूने उरलेलं नाही. बेंजामिन लिबेटने 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मनगट हलवायची इच्छा झाल्याचं माणसाला जाणवण्याआधी सुमारे एक तृतीयांश सेकंद मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली. त्या प्रयोगाच्या अर्थावर आजही वाद आहेत, पण ‘मी ठरवलं’ या वाक्यावरचा निर्धास्त विश्वास त्याने हलवला. त्याआधी 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची फीत दाखवली आणि प्रश्नातलं एकच क्रियापद बदललं. मोटारी एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असं ज्यांना विचारलं त्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने त्यांच्यातल्या जास्त लोकांना फुटलेली काच आठवत होती. फितीत काच फुटलीच नव्हती.

हे सगळं मराठीत आलं आहे, पण कथेत कमी आणि लेखात जास्त. सुबोध जावडेकर हे रसायन अभियंते आणि उत्तम विज्ञानकथाकार. भोपाळच्या वायुकांडावर त्यांनी ‘आकांत’ ही कादंबरी लिहिली. पुढे डॉ. आनंद जोशी यांच्यासह ‘मेंदूतला माणूस’ आणि स्वतंत्रपणे ‘मेंदूच्या मनात’ अशी पुस्तकं लिहिली. आपण निर्णय कसे घेतो, स्वतःला कसं फसवतो, हे ते फार प्रसन्न भाषेत सांगतात. एका कथाकाराकडे हे इतकं साहित्य गोळा झालं आणि त्याचा मोठा भाग ललितेतर पुस्तकांत गेला, याची हळहळ वाटते. पण वाचक जिथे होता तिथे लेखक गेला, हेही खरं.

आता एक प्रकरण असं, जे कुणा मराठी लेखकाने रचलं असतं तर ओढूनताणून केलंय असं आपण म्हणालो असतो. सांताक्रूझ पूर्वेला कलिना इथे राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. निम्हान्समध्ये काम केलेल्या चंपाडी रामन मुकुंदन यांनी विकसित केलेली मेंदूच्या विद्युत आंदोलनांची चाचणी 2000 च्या दशकात महाराष्ट्राने आणि गुजरातने तपासात वापरायला घेतली. पद्धत अशी: संशयिताच्या डोक्यावर तीसेक इलेक्ट्रोड बसवायचे आणि त्याला डोळे मिटून गप्प बसायला सांगायचं. मग एक आवाज त्याला वाक्यं ऐकवतो. वाक्यं प्रश्नार्थक नसतात, प्रथमपुरुषी असतात. मी अमुक दुकानात गेलो. मी अमुक वस्तू घेतली. मी अमक्याला अमुक ठिकाणी भेटलो. गुन्ह्याची गोष्ट त्याच्याच तोंडची असल्यासारखी रचून त्याला ऐकवली जाते. कुठल्या वाक्याला मेंदू नुसता ओळख देतो आणि कुठल्या वाक्याला ‘हे मी केलं होतं’ असा अनुभव दाखवतो, हे यंत्राने सांगायचं. जून 2008 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात जन्मठेप सुनावताना या चाचणीचा आधार घेतला, आणि जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या.

निवेदनाचा अभ्यास करणाऱ्याने या खुर्चीपाशी थांबलं पाहिजे. इथे ‘मी’ म्हणणारा आवाज तपासयंत्रणेचा आहे, ऐकणारा गप्प आहे, आणि त्याच्या मेंदूने त्या ‘मी’ला मान्यता दिली की नाही यावर त्याचं आयुष्य अवलंबून आहे. नवऱ्याने, भावाने, बातम्यांनी तीच गोष्ट आधी दहा वेळा सांगितली असेल तर? लॉफ्टसच्या प्रयोगातली काच इथेही फुटू शकते. त्याच दशकात मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीच्या नार्को चाचणीची चित्रफीत वाहिन्यांवर फिरली. सोडियम पेंटोथलच्या गुंगीत बडबडणारा माणूस घराघरांत रात्रीच्या जेवणाबरोबर पाहिला गेला, कारण गुंगीतला माणूस खरंच बोलतो ही समजूत आपल्यात घट्ट आहे. 5 मे 2010 रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची ही चाचणी सक्तीने करायला मनाई केली. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क मनाच्या आतपर्यंत पोचतो, असं त्या निकालाचं सार. अबोध मनाला राज्यघटनेचं संरक्षण मिळालं! एवढ्या ऐवजावर मराठीत एखादी दणदणीत कादंबरी यायला हवी होती. माझ्या वाचनात तरी ती आलेली नाही.

आणि तिच्यासाठी लागणारं निवेदनाचं हत्यार परकं नाही. कुठल्याही पोलीस ठाण्यात लिहिला जाणारा जबाब पाहा. ‘समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की’ अशी सुरुवात, मग नाव, वय, धंदा, राहणार अमुक. पुढचा सगळा मजकूर ‘मी’च्या तोंडी, पण भाषा हवालदाराची. ज्या बाईने आयुष्यात ‘सदर इसम’ हे शब्द उच्चारले नाहीत तिच्या जबाबात सदर इसम चार वेळा येतो. तिने जे घाबरत, मागेपुढे करत, मधेच रडून सांगितलं ते तारीखवार सरळ झालेलं असतं. तिचा अडखळलेला क्षण, म्हणजे जिथे काही दडलेलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तो नेमका गाळला जातो. अशा जबाबांतून रचलेली विज्ञान-थरारकथा, जिच्यात वाचकाला जबाबाच्या खालचा माणूस शोधावा लागतो, मराठीला सहज जमेल. नंदा खरे यांनी ‘अंताजीची बखर’मध्ये बखरीचं रूप घेऊन असाच बेरकी, आपमतलबी, तरी लोभस ‘मी’ उभा केला होता. ‘उद्या’ या नजीकच्या भविष्यावरच्या कादंबरीत त्यांनी अनेक ठिकाणची माणसं आणि पाळतीचं जग एकत्र विणलं. तिला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. ‘उद्या’तली माणसं कल्पनेच्या ओझ्याखाली दबत नाहीत. त्यांना भुका आहेत, खोड्या आहेत. अबोध मनात मात्र खरे फारसे उतरले नाहीत. त्यांचा ओढा समाजाच्या यंत्रणेकडे होता.

पडद्यावर आरती कडव यांचा ‘कार्गो’ (2019) हिंदीत असला तरी इथे विसरून चालणार नाही. पुष्पक 634-ए या यानावर प्रहस्थ नावाचा राक्षस मेलेल्या माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करतो. त्यांच्या लहानसहान जखमा बऱ्या करून स्मृती पुसून टाकतो. सरकारी कचेरीचा कंटाळा आणि मृत्यू एकाच टेबलावर. थरार जवळजवळ शून्य, पण पुसली जाण्याआधीची माणसाची शेवटची मिनिटं इतक्या आपुलकीने दाखवली आहेत, की पात्र उभं करायला त्याची स्मृती काढून घेण्याचा धोका पुरेसा असतो, हे पटतं.

उपनगरांत अशा कथेसाठी कच्चा माल पडून आहे. बोरिवलीची चाळीस वर्षांची सोसायटी पाडली जाते, कुटुंबं भाड्याच्या घरात जातात आणि तीन-चार वर्षांनी त्याच नावाच्या, त्याच पत्त्यावरच्या बावीस मजली इमारतीत परततात. आजोबा लिफ्टमध्ये शिरून अजून दुसऱ्या मजल्याचंच बटण दाबतात. त्यांच्या मनातली जुनी इमारत पाडायचा ठराव कुणी मंजूर केलेला नाही. त्या दुसऱ्या मजल्यावर आता पार्किंग आहे. याच्यात एखादं यंत्र घातलं, समजा बिल्डरने रहिवाशांच्या आठवणी ‘जतन’ करून देण्याची योजना काढली, तर विज्ञानकथा होते. एखाद्या आठवणीत असा शेजारी निघाला जो कुणालाच आठवत नाही, तर थरारकथा होते. आणि तो शेजारी विसरण्यात सगळ्यांचंच हित होतं असं निघालं, तर ती अबोध मनाची कथा होते.

अडचण मापाची आहे. स्पर्धेची आणि दिवाळी अंकाची कथा शब्दमर्यादेत बसवायची असते. कल्पना मांडणं, संकट आणणं, ते समजावणं यात पानं संपतात. फसवा निवेदक उभा करायला त्याच्यावर आधी विश्वास बसावा लागतो, आणि विश्वासाला जागा लागते. ती जागा कादंबरीत आहे, पण मराठीत विज्ञान-थरारकादंबऱ्या काढणारे प्रकाशक मोजके.

एक नवी वाट दिसते ती कानाची. स्टोरीटेल 2017 मध्ये भारतात आल्यावर मराठीत थेट ऐकण्यासाठी मालिका लिहून घेतल्या जाऊ लागल्या आणि त्यांत रहस्य-भयाला मोठी मागणी निघाली. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत किंवा बोरिवलीच्या फास्टमध्ये इअरफोन लावून उभ्या असलेल्या माणसाच्या कानात निवेदक थेट ‘मी’ म्हणून बोलतो. छापील कथेत दूरचा वाटणारा लबाड निवेदक इथे अंगचटीला येतो. आवाज किंचित घाईचा झाला, एखादं नाव घेताना अडला, की अर्थ बदलतो. मात्र ऐकणाऱ्याला मागे जाऊन आधीचं वाक्य सहज पडताळता येत नाही. अंधेरीला गर्दीचा लोट आला की अर्धं वाक्य गेलंच. त्यामुळे या मालिका अजून दर दहा मिनिटांनी धक्का देण्यावर भर देतात आणि आधी काय घडलं ते पात्रांच्या तोंडून पुन्हा वदवतात. त्या पुनरुक्तीतच, म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना पात्राने काय बदललं, काय गाळलं यात, नेणिवेला शिरायला जागा आहे. ती अजून कुणी वापरलेली मी ऐकलेली नाही.